रुमाल स्क्रिप्टमध्ये नव्हता

"करा सुरू," इन्स्पेक्टर साहेब बोलले.

समोर लांब काचेचं टेबल, एसी फुल, पाण्याच्या छोट्या छोट्या बाटल्या. खुर्च्या भिंतीला सरकवून मला मध्ये जागा करून दिलेली, लग्नात नाचायला करतात तशी. आणि मला तिथे कॉमेडी करायची होती. एका मेलेल्या माणसाच्या चौकशीत.

साहेब सरकारी, फॅक्टरी इन्स्पेक्टर. कारखान्यात माणूस दगावला की हे येतात, बघतात, विचारतात आणि चूक कोणाची ते लिहितात. त्यांच्या बाजूला कंपनीचे एचआर मॅनेजर, पुढ्यात जाडजूड फाईल. भिंतीपाशी माझ्या बॉस, कर्णिक मॅडम. त्यांच्या शेजारी आमचे ढोलकीवाले जाधव भाऊ. ते ढोलकीशिवाय आलेले, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आणि दाराजवळच्या खुर्चीत एक बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून. सुनीता वहिनी. मेला तो त्यांचा नवरा, प्रकाश शेलार.

प्रकाश टाकीत उतरून गॅसने मेला. त्याच्या महिनाभर आधी आम्ही याच कंपनीत टाकीच्या सेफ्टीचा शो केलेला. साहेबांना बघायचं होतं की आम्ही नेमकं काय शिकवलं. कागदावर नको, केलं तसं करून दाखवा, असं त्यांचं म्हणणं.

"टाकीवाला सीनच हां," एचआर बोलले. जसं काय मी चुकून भलताच सीन करणार होतो.

माझी ओळख करून देतो. मी नितीन. ऑफिसात मला रेडिओ म्हणतात, कारण मी बंद होत नाही. मी नकला करतो. मुरबाडला शाळेत असताना एकदा माईकवरून हेडमास्तरांच्या आवाजात दुपारची सुट्टी देऊन टाकलेली. सातवीपर्यंतची पोरं घरी पोचली तेव्हा खरे हेडमास्तर डबा खात होते. त्याचा मार मी आठवडाभर हप्त्याहप्त्याने खाल्ला. आता त्याच कामाचा पगार घेतो.

ऑफिस माजिवड्याला, एका टायरच्या दुकानावर. आम्ही कारखान्यांत जाऊन कामगारांना सेफ्टी शिकवतो, पण लेक्चर देऊन नाही. छोटं नाटक, दोन गाणी, मोठी रंगीत चित्रं. ही आयडिया मॅडमची. त्या स्वतः खूप वर्षं केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होत्या. त्यांनी बघितलं की भिंतीवरचा नियमांचा बोर्ड माणसं फक्त पाठ टेकायला वापरतात. पण त्याच माणसाला त्याच्या सुपरवायझरची नक्कल करून दाखवा, चहा थंड होईपर्यंत तो हलत नाही.

मला हे पटायला वेळ लागला नाही. माझा मामा कळव्याचा, गायन पार्टीत गायचा. जयंतीला त्यांची गाणी ऐकून माझी आई घडली. तिला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. पण पोरांनी शिकलंच पाहिजे, कुणासमोर वाकायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात गेलं ते पेटीवर आणि ढोलकीवर. त्यामुळे गाण्याने माणूस शिकतो हे मला घरातूनच माहीत होतं. तो नको ते पण तितकंच पक्कं शिकतो, हे मला डोंबिवलीत कळलं.

आता टाकीचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

ही कपड्यांना रंग देणारी कंपनी. रंगाचं घाण पाणी तसंच बाहेर सोडता येत नाही, म्हणून ते जमिनीखालच्या मोठ्या टाकीत जमा करून साफ करतात. टाकीत तळाला गाळ बसतो. गाळ सडला की गॅस तयार होतो. सडलेल्या अंड्यांसारखा वास येतो त्याला. पण हा गॅस हरामी आहे. थोडा असेल तोवर वास मारतो. जास्त झाला की नाकच बंद पाडतो, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला. तो उतरतो आणि दोन-चार श्वासांत आडवा. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. जितकं खाली जाल तितका जास्त.

म्हणून टाकीत उतरायचे नियम आहेत. आधी मीटरने गॅस मोजायचा. ब्लोअर लावायचा, म्हणजे मोठा पंखा, जो पाइपातून आत ताजी हवा ढकलतो. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोरी. आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा, त्याला होल वॉच म्हणतात. होल वॉचचं काम एकच, उभं राहणं. आतला पडला तर त्याने सायरन दाबायचा, दोरी ओढायची, रेस्क्यू टीमला बोलवायचं. आत जायचं नाही. सख्खा भाऊ आत पडलेला असला तरी जायचं नाही. कारण टाकीतल्या अपघातात पहिला माणूस गॅसने पडतो आणि त्याच्या मागून त्याला काढायला गेलेले पडतात. मॅडम म्हणतात, एक बॉडी असते तिथे तीन होतात ते चांगुलपणामुळे.

मॅडमनी यावर सीन लिहिलेला. एक कामगार आत पडतो, दुसरा बाहेर उभा राहून सायरन दाबतो, टीम येते, पहिला वाचतो. संपलं. पहिल्या दोन कंपन्यांत आम्ही तो तसाच केला. बाहेर उभा राहणारा मी. लोकांनी जांभया दिल्या. एक काका तर उठून तंबाखू थुंकून परत आले, तरी मी तिथेच उभा.

माझा इगो दुखावला, खरं सांगतो. माझ्या आयुष्यात माझ्यासमोर कुणी जांभई दिली नव्हती.

मग डोंबिवलीच्या या शोला मी सीन फिरवला. होल वॉचला हिरो केलं. मित्र आत पडतो. हिरो हाक मारतो, उत्तर नाही. हिरो शर्टाची बटणं सोडतो, छाती पुढे काढतो आणि जाड आवाजात बोलतो, "दोस्त आत आणि मी बाहेर? जमणार नाय." पहिल्या लायनीतल्या कुणाची तरी पाण्याची बाटली घेतो, खिशातला रुमाल भिजवतो, तो समोरच्याच्या टकलावर पिळतो, हशा, मग तोंडावर दरोडेखोरासारखा बांधतो. जाधव भाऊ ढोलकीवर हळूहळू चढवत नेतात. आणि लय टिपेला गेली की मी स्टुलावरून उडी मारतो. खाली जीभ बाहेर काढून, तीन गिरक्या घेऊन मरतो. मग मॅडम येऊन सांगतात, बघा, दोघं मेले, असं करायचं नाही.

म्हणजे माझ्या हिशोबाने संदेश तोच होता. उडी मारली, मेला. शिका.

कॅन्टीनमध्ये दोनशे माणूस असेल. उडीला शिट्ट्या आल्या. मॅडमचं बोलणं शिट्ट्यांत सुरू झालं आणि गडबडीत संपलं. शेवटी आम्ही सगळे हात धरून वाकलो, मेलेला हिरो मध्ये. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या.

प्रकाश मला तेव्हाच भेटलेला. चाळिशीचा, अंगाने बारीक, हाताची नखं रंगाने कायमची निळी. ज्याची बाटली मी उचललेली तो हाच. शो संपल्यावर येऊन त्याने माझी नक्कल करून दाखवली, रुमाल, छाती, उडी, सगळं. लय भारी केली. मी त्याला बोललो, दादा, तुम्ही या लाइनीत या, माझी नोकरी खा. तो बोलला, "आपण हौशी रे. पोरी हसल्या पाहिजेत घरी."

परतताना माजिवड्याचा पूल आला तेव्हा मॅडम बोलल्या, "नितीन, लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या ते पाहिलंस ना?"

मी बोललो, "मॅडम, वाजल्या ना. गेल्या वेळी जांभया होत्या."

"रुमालाचं काय काढलंस मध्येच? ओल्या रुमालाने तो गॅस अडत नाही."

"गंमत होती ती."

"ते तुला ठाऊक आहे," त्या बोलल्या. "पुढच्या शोला काढून टाक."

मी हो बोललो. पण पुढचा शो त्या कंपनीत नव्हता. जे बघून गेले ते बघून गेले.

महिन्याने मॅडमचा फोन आला. मी तेव्हा कल्याणला, एका पोस्टरवाल्याकडे चित्रं आणायला गेलेलो. त्यांनी कंपनीचं नाव घेतलं आणि झालं ते सांगितलं.

टाकीतला पंप तुंबलेला. दशरथ काका म्हणून जुने कामगार, ते मोकळा करायला उतरणार होते. होल वॉच प्रकाश. ब्लोअर दुसऱ्या टाकीवर अडकलेला, पण सुपरवायझरला घाई होती. तो बोलला पाच मिनिटांचं काम आहे, आणि कागदावर सही करून गेला. पट्टा-दोरी स्टोअरमध्ये. काका शिडीने उतरले. टाकीच्या मध्यावर एक लोखंडी पट्टी आहे, उभं राहायला. तिथे पोचले आणि तिथेच कोसळले, पाय शिडीत अडकून लटकले. प्रकाशने दोन हाका मारल्या. आणि तो उतरला. काकांना खालून उचलून वर ढकलायचं म्हणून तो त्यांच्याही खाली गेला. जिथे गॅस सगळ्यात जास्त तिथे.

लॅबमधली एक मुलगी सायरन ऐकून धावत आली, म्हणजे सायरन पण तिसऱ्याच माणसाने दाबलेला. तिने बाकीच्यांना हाताने मागे ढकललं, शिव्या देऊन अडवलं, ब्लोअर ओढत आणवला. हवा वरून खाली जाते. काका वर होते, त्यांना आधी मिळाली. ते वाचले. प्रकाशला बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता.

"आणखी एक," मॅडम फोनवर बोलल्या. "त्याच्या तोंडाला ओला रुमाल बांधलेला होता."

पोस्टरवाला विचारत होता, लॅमिनेशन ग्लॉसी की मॅट. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला आयुष्यात पहिल्यांदा कसलाच आवाज काढता येईना.

चौकशीच्या दिवशी डोंबिवली स्टेशनवरून आम्ही तिघं रिक्षाने एमआयडीसीत गेलो. भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ, मॅडम आणि मी मागे. मॅडमनी सांगितलं, कंपनीने आपली स्क्रिप्ट इन्स्पेक्टरला दिली आहे. त्यांनी लिहिलेली, मूळ. त्यात उडी नाही, रुमाल नाही. होल वॉच बाहेर उभा राहतो. सोबत प्रकाशची सही असलेलं रजिस्टर, ट्रेनिंग घेतल्याचं. म्हणजे कंपनीचं म्हणणं सरळ, आम्ही शिकवलं होतं, त्याने ऐकलं नाही.

मग त्या रस्त्याकडे बघत बोलल्या, "स्क्रिप्टमध्ये आहे तेवढंच कर."

मॅडम वाईट नाहीत. ऑफिसात आम्ही नऊ जण. भाऊंना दुसरं काम कोण देणार, त्यांचं वय काय. आणि प्लांटमध्ये मोबाईल चालत नाही, त्यामुळे शोचा व्हिडिओ कुणाकडे नव्हता. बघणारी माणसं सगळी कॉन्ट्रॅक्टवरची. त्यांनी साहेबांना सांगितलेलं, नाटक होतं, चांगलं होतं, नीट आठवत नाही. दोनशे जणांना एकदम विसर पडला.

एचआरनी त्या खोलीत आमच्यासमोर आधीच साहेबांना वाचून दाखवलेलं. प्रशिक्षण देऊनही कामगाराने सूचनांचे उल्लंघन केले, सदर अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला. साहेबांनी रुमालाबद्दल विचारलं. एचआर बोलले, "अडाणीपणा, दुसरं काय. ह्या लोकांचं स्वतःचं डोकं चालतं ना."

वहिनींनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढंच.

तर असा तो सीन. "करा सुरू," साहेब बोलले आणि मी सुरू झालो.

पहिला भाग सोपा होता. सुपरवायझर येतो, पोट खाजवतो, घाई करतो. बाहेर ह्यावर हमखास हशा येतो. इथे एसीचा आवाज. मी नक्कल करत होतो आणि मला माझाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. मग मित्र आत पडतो, त्यासाठी मी खुर्ची आडवी केली. मग मी हाक मारली, दोनदा. तिसरी मारायची हिंमत झाली नाही, कारण वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

इथून पुढे दोन रस्ते होते. स्क्रिप्टचा रस्ता असा, मी वळतो, सायरन दाबतो, उभा राहतो. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं असतं. मी घरी. मॅडमचं ऑफिस चालू. आणि प्रकाश शेलार सरकारी कागदावर कायमचा निष्काळजी. त्याने काय निष्काळजीपणा केला? त्याने प्रत्येक गोष्ट दाखवली तशी केली. बाटली, रुमाल, मग आत. क्रम पण चुकवला नाही. माझ्या इतक्या शोमध्ये इतक्या नीट शिकलेला दुसरा विद्यार्थी नाही.

मी थांबलोय हे बघून साहेबांनी पेन वर केलं. "पुढे?"

"साहेब, पुढचं स्क्रिप्टमध्ये नाही," मी बोललो. "पण त्या दिवशी केलेलं."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मी टेबलावरची एक बाटली घेतली. साहेबांचीच होती. खिशातून रुमाल काढला, भिजवला. टकलावर पिळायचा भाग होता, तिथे टक्कल एचआरचंच होतं. मी हवेत पिळला, पाणी त्यांच्या कार्पेटवर पडलं. रुमाल तोंडावर बांधला. शर्टाची बटणं सोडली. तेवढ्यात माझ्या मागे टकटक सुरू झाली. जाधव भाऊ पुढे सरकून काचेच्या टेबलाच्या कडेवर बोटांनी वाजवत होते. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मान खाली, बोटं जलद, अजून जलद. जशी त्या दिवशी चढवलेली तशीच. मी डायलॉग मारला. मग खुर्चीवर चढून उडी मारली, आणि खाली कार्पेटवर जीभ काढून मेलो. तीन गिरक्या घेऊन. सगळं केलं. आणि शेवटी उठून वाकून नमस्कार केला, कारण तेही केलेलं.

रुमालाचं पाणी माझ्या गळ्यावरून शर्टात उतरत होतं.

साहेबांनी विचारलं, "आणि हे सगळं प्रकाश शेलारने पाहिलं होतं?"

"पहिल्या लायनीत होता. बाटली त्याचीच होती. नंतर त्याने मला करून दाखवलं पण."

एचआर बोलले की हा माणूस भावनेच्या भरात बोलतोय, स्क्रिप्ट लेखी आहे. तेव्हा मॅडम उठल्या. मला वाटलं आता मला खोटं पाडणार. त्या बोलल्या, "तो खरं सांगतो आहे. मी तिथे हजर होते. रुमाल चुकीचा आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कंपनीला कळवणं माझं काम होतं, मी ते केलं नाही." आणि मग, बसता बसता, एचआरकडे न बघता, "ब्लोअर कुठे होता तेही लिहा साहेब. ते काही नाटकात नव्हतं."

साहेब खूप वेळ लिहीत होते.

बाहेर पॅसेजमध्ये वहिनी माझ्या जवळ आल्या. मी मार खायच्या तयारीत होतो, खरंच. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या बोलल्या, "घरी पण करायचे ते. तुमचं हे. उशीवर उडी मारायचे."

मी मान हलवली.

"धाकटी आता चाळीत पोरांना करून दाखवते. आठ वर्षांची आहे. तिच्या नाटकात शेवटी बाबा वर येतात. काकांना खांद्यावर घेऊन." "आमच्या नाक्यावर फ्लेक्स लावलाय पोरांनी. ह्यांचा मोठा फोटो. मित्रासाठी प्राण दिले, काकांना वाचवलं, असं लिहिलंय. वाचवलं का हो त्यांनी?"

मला उत्तर माहीत होतं. काका हवेमुळे वाचले. प्रकाश उतरला नसता तरी वाचले असते. प्रकाश वर उभा राहून सायरन दाबला असता तर कदाचित अजून लवकर वाचले असते. दशरथ काकांना पण हे माहीत होतं, ते म्हणे आता नाक्यावरून न जाता मागच्या गल्लीने घरी जातात.

"मला सांगा ना," वहिनी बोलल्या. "मला कळू दे. पोरीला काय सांगायचं ते मी बघते."

"नाही वाचवलं," मी बोललो.

त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "मग तो फ्लेक्स काढायला लावते," त्या बोलल्या. "ती रोज शाळेत जाताना बघते त्याला. हात जोडते." आणि त्या जिना उतरून गेल्या.

रिपोर्ट दोन महिन्यांनी आला. निष्काळजीपणा हा शब्द प्रकाशच्या नावापुढून गेला. ब्लोअर, पट्टा, सुपरवायझरची सही, हे सगळं कंपनीवर आलं. आमच्यावर आलं ते एका ओळीत, प्रशिक्षणातून चुकीचा संदेश गेला. ती ओळ वाचून तीन कंपन्यांनी आम्हाला बंद केलं. ऑफिसातले दोघं सोडून गेले. माझी नोकरी राहिली. मॅडम बोलल्या, तुला काढलं तर हीच चूक तू दुसरीकडे जाऊन करशील, इथे माझ्या नजरेसमोर राहा.

टाकीचा सीन आम्ही परत बसवला. तीन आठवडे भांडलो. आता त्यात हिरो नाही. मी होल वॉच. मित्र आत पडतो. मी सायरन दाबतो, टीमला फोन लावतो, रेलिंग धरून उभा राहतो. टीमला यायला चार मिनिटं लागतात, तर आम्ही खरी चार मिनिटं लावतो. ढोलकी नाही. भाऊ हात मांडीवर ठेवून बसतात. फक्त आत पडलेल्याचा आवाज येतो. तो मीच आधी रेकॉर्ड केलाय. तो आधी नावाने हाक मारतो, मग नुसता कण्हतो, मग थांबतो. मी उभा. नक्कल नाही, जोक नाही, काही नाही. चार मिनिटं म्हणजे किती असतात ते मला आता माहीत आहे.

परवा कळव्याच्या एका कंपनीत केला. पहिल्या मिनिटाला लोक हसले, त्यांना वाटलं मी डायलॉग विसरलो. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ. तिसऱ्याला मागून एक जण उभा राहिला आणि ओरडला, अरे उतर ना भडव्या, मरतोय तो. अजून दोघं-तिघं त्याच्या सुरात. मी रेलिंग घट्ट धरून उभा.

मग टीम आली, पट्टा, दोरी, ब्लोअर, मित्राला वर काढला. तो वाचतो का ते आम्ही सांगत नाही. मॅडम पुढे येऊन एवढंच सांगतात की आज घरी एक माणूस नक्की जाणार, आणि तो हा उभा आहे.

टाळ्या नाहीत. सेल्फी काढायला कुणी आलं नाही. सामान टेम्पोत भरत होतो तेव्हा तो मघाचा ओरडणारा काका आला. माझ्याकडे खालून वर बघितलं.

"तू लय हलकट माणूस आहेस," तो बोलला.

"हो काका," मी बोललो. "तुमच्यावर वेळ आली ना, तुम्ही पण हलकटच व्हा."